परसदारची वाट

दिवाळीच्या पहाटे आमच्या चिखलीच्या घरी ठिपक्यांच्या रांगोळीवर हटकून सायकलीच्या चाकाची रेघ उमटलेली असे. शेजाऱ्यांना मागल्या बोळात जायला आमच्या अंगणातली वाट सोयीची. हटकले, तर उत्तर ठरलेले, "इकडून जवळ पडते ना, भाऊ!" आणि आम्ही हसत असू. सणासुदीला कशाला वाईटपणा!

माझा राग आहे तो या हसण्यावर, शेजाऱ्यावर नाही.

१८८२ च्या सुखाधिकार कायद्याचे पंधरावे कलम आपल्यातल्या सोशिक मंडळींनी एकदा वाचावेच. दुसऱ्याच्या जागेतून कोणी वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, अखंड आणि हक्क म्हणून ये-जा केली, तर ती वहिवाट त्याचा कायमचा हक्क ठरू शकते. बाप भिडेखातर गप्प बसतो. त्या भिडेची किंमत मुलगा कोर्टात मोजतो. उलट "जा बुवा, पण आमच्या परवानगीने" एवढे स्पष्ट म्हटले, की ते जाणे हक्काचे राहत नाही. आणि अशी नुसती परवानगी सहसा परतही घेता येते. चार शब्दांचे काम! पण ते चार शब्द आपल्या तोंडून निघत नाहीत, आणि यालाच आपण शेजारधर्म म्हणतो.

वर्षानुवर्षे मिठाची गुळणी धरून एका रात्रीत बाभळीच्या काट्यांची वई घालणारे शूर वीर तर याहून वाईट. सकाळी शेजारची म्हातारी काट्यांत अडकते आणि दोन पिढ्यांची बोलाचाल बंद होते. त्यातून भावाभावांच्या वाटणीत मागल्या हिश्शाला दुसरी वाटच उरली नसेल, तर तेराव्या कलमाप्रमाणे त्याला वाट मिळते. तिथे काटे टाकणे म्हणजे सख्ख्या भावाला कोंडणे.

आमच्या शेजाऱ्यांना मात्र पुढून चांगली सडक आहे. फेरा काय तो शंभर पावलांचा. गेल्या पाडव्याला फराळाचे ताट घेऊन गेलो आणि चिवड्याबरोबरच सांगून टाकले. आजींनी देवळात जायला आमच्या अंगणातून खुशाल जावे, आमच्या परवानगीने. सायकली पुढून न्याव्यात. तसे कागदावर लिहिले, दोन्हीकडच्या सह्या झाल्या. सौभाग्यवती घरी येऊन म्हणाल्या, "सणाच्या दिवशी सुचले बरे तुम्हाला!"

त्यांच्याकडचे ताट त्या दिवाळीत काही आले नाही. तुळशीच्या लग्नाला आले, पुढच्या दाराने.