नाना

आमच्याकडे नाना म्हणजे घरातला वडीलधारा माणूस. माझे थोरले चुलते नाना होते, आता भाचरे मलाच नाना म्हणतात. त्यामुळे गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याने समोर बसून, "गुरुजी, मला नाना लागलाय," असे म्हटले तेव्हा मला काही कळेना.

हा विद्यार्थी म्हणजे आमचा हवालदार. सातवीपर्यंत माझ्या वर्गात होता. अभ्यासात बेताचा, पण शाळेच्या हौदात पाणी भरायचे तर दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन विहिरीवरून पळत यायचा. अठराव्या वर्षी भरती झाला. आमच्या सातारा जिल्ह्यात ही काही नवलाची गोष्ट नाही. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर म्हणून बावीस वर्षे गाडी हाकली, त्यातली बरीचशी जोजिला ओलांडून द्रास-कारगिलच्या बाजूला. २०१४ मध्ये निवृत्त झाला. आता त्याला मान वर करून बोलता येत नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या येतात. कमरेचे दुखणे वेगळेच.

त्याने पिशवीतून कागद काढले. इंग्रजी कागद, आणि मी मराठी माध्यमाचा बी. ए.! डिक्शनरी घेऊन दोन दुपारी बसलो तेव्हा अर्थ लागला. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने तपासून लिहिले होते की मानेच्या मणक्यांचा स्पॉन्डिलोसिस आहे, अपंगत्व २० टक्के, आयुष्यभराचे. आणि पुढच्या रकान्यात, हा आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. इंग्रजीत या वाक्याच्या आद्याक्षरांचे 'नाना' होते. फौजेत आणि वकिलांत हाच शब्द चालतो म्हणे. कारण काय दिले? दोनच शब्द, झिजेचा आजार.

आता अपंगत्व पेन्शनला दोन अटी आहेत. अपंगत्व निदान २० टक्के हवे आणि ते सेवेमुळे आलेले किंवा वाढलेले हवे. पहिली अट आमच्या हवालदाराने काठावर पार केली, दुसरीत नाना आडवा आला. पैशाचे गणित सांगतो, शेवटी मी मास्तर. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते. म्हणजे २० टक्क्यांना पगाराच्या दर शंभर रुपयांमागे सहा रुपये. पण ५० च्या खालचे अपंगत्व ५० धरायचे असा नियम आहे, म्हणजे पंधरा रुपये. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार प्रकरणात हा नियम मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केला, आणि सरकारची अपिले फेटाळली. तर प्रश्न या पंधरा रुपयांचा आहे. मुलीच्या नर्सिंगच्या फीपुढे ते थोडे नाहीत.

आता माझी अडचण सांगतो. मलाही स्पॉन्डिलोसिस आहे. चाळीस वर्षे मान खाली घालून उत्तरपत्रिका तपासल्या, आता पट्टा लावून बसतो. मला त्याचे कोणी काही देत नाही आणि मी मागतही नाही. वय झाले की मणके झिजतात, एमआरआय काढला तर काहीही दुखत नसलेल्या माणसांतही झीज दिसते. मग डॉक्टर चुकले असे कसे म्हणू? शिवाय उगाच घेणारेही असतात. २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालात दाखवले होते की अपंगत्व पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत बरेच जास्त आहे. त्यावर फौजेतल्याच लोकांत पुष्कळ वाद झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यापुढे निवृत्त होणाऱ्यांसाठी नवे नियमही आले.

हे सगळे मनात घोळत असताना मला मुरलीकांत पेटकर आठवले. आमच्याच बाजूचे, पेठ इस्लामपूरचे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली, आणि तरी १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक आणले. गोळी दिसते. तिचे कारण कोणी विचारत नाही. पण बावीस वर्षे खड्ड्यांच्या रस्त्यावर, उणे तापमानात, भरलेल्या ट्रकच्या सीटवर बसलेले हादरे कुठल्या एक्स-रेत दिसतात? ते रोज थोडे थोडे बसले. मणक्याच्या दुखण्याचे हेच आहे, त्याला तारीख नसते. आणि कागदाला तर तारीख लागते.

म्हणूनच मला वाटते की इथे डॉक्टर बरोबर की चूक हा मुद्दाच नाही. शंका आहे हे कबूल. ती शंका कोणाच्या पदरात टाकायची, एवढाच प्रश्न. आणि त्याचे उत्तर देऊन झालेले आहे! २ जुलै २०१३ ला धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असे धरायचे, सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, संशयाचा फायदा जवानाला, आणि मंडळाने 'नाही' म्हटले तर कारणे लिहायची. आमच्या हवालदाराचा कागद त्यानंतरचा आहे. 'झिजेचा आजार' हे कारण झाले का? परीक्षेत 'कारणे द्या' या प्रश्नाला मुलाने आजाराचे नावच परत लिहिले असते तर मी शून्य दिले असते. चाळिशीतल्या माणसाची मान सत्तरीतल्या मास्तरासारखी का झिजली, हे कोणीतरी लिहायला नको?

माझ्यात आणि त्याच्यात फरक हाच. शाळेत घेताना मला कोणी सोळाशे मीटर पळवून, हाडन्‌हाड तपासून घेतले नव्हते. त्याला घेतले होते.

त्याने पहिले अपील केले होते. ते फेटाळल्याचे पत्र २०१६ साली आले, तेही असेच त्रोटक. मग त्याने कागद ट्रंकेत टाकले. दुसरे अपील असते, त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, त्याचे खंडपीठ मुंबईतच आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही. न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा. आणि मुळात इतकी माणसे तिथवर जावीच का लागतात? निकाली निघालेल्या प्रश्नांवर सरकारने पुन्हा पुन्हा भांडू नये म्हणून मनोहर पर्रीकरांनी संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये तज्ज्ञांची समितीही नेमली होती. असो.

त्याची बायको आली होती बरोबर. म्हणाली, "गुरुजी, तुम्हीच समजावा ह्यांना. मिळतंय त्यात भागतंय. फौजेशी कशाला भांडायचं?" हवालदार खाली बघत म्हणाला, "भांडायचं नाही गं. मी आजारी म्हणून भरती झालो नव्हतो, एवढं एकदा लिहून पाहिजे."

मी त्याला अर्ज करायलाच सांगितले. उशीर झाला आहे. जिंकला तरी मागची थकबाकी साधारण अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते, हेही सांगितले. उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज लागेल. भरतीच्या वेळचे वैद्यकीय कागद आणि कुठे कुठे पोस्टिंग होते त्याची यादी मागवायची आहे. मराठी मजकूर मी लिहून दिला, इंग्रजी नातू करतो आहे.

सोमवारी आम्ही दोघे साताऱ्याला वकिलांकडे जाणार आहोत, एस. टी. ने. मागच्या सीटवर बसायचे नाही, एवढे त्याने मला आधीच बजावून ठेवले आहे.