सही झालेल्या करारांना माणूस आणि पैसा द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : राज्यातील व सिंगापूरमधील विद्यापीठांत तंत्रज्ञान हस्तांतरणाची कायम यंत्रणा उभारणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे सिंगापूरमध्ये नोकरी, अध्यापन व संशोधन करतो. आमच्यापैकी बहुतेकांचे शिक्षण महाराष्ट्रातील सरकारी व अनुदानित महाविद्यालयांत झाले. त्या ऋणाची जाण ठेवून हे निवेदन सादर करीत आहोत.

येथील नॅशनल युनिव्हर्सिटीच्या युनिव्हर्सिटी टाउनमध्ये ‘क्रिएट’ हे संकुल आहे. एमआयटी, झुरिचची ईटीएच, केंब्रिज यांची संशोधन केंद्रे तेथे स्थानिक संशोधकांसोबत चालतात. एमआयटीबरोबरचे ‘स्मार्ट’ केंद्र २००७ साली सुरू झाले. पैसा सिंगापूर सरकारने घातला आणि विषय शहराच्या गरजेचे घेतले. त्यातील वाहतूक संशोधनाशी जोडलेल्या प्राध्यापकाने सहकाऱ्यासह नुटोनॉमी ही कंपनी काढली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये वन-नॉर्थ भागात तिच्या स्वयंचलित टॅक्सीत सामान्य प्रवासी बसले. आयर राजा क्रेसेंटवरील पाडायला काढलेली जुनी औद्योगिक इमारत, ‘ब्लॉक ७१’, २०११ पासून नवउद्योगांनी गजबजली आहे.

पाण्याचे उदाहरण आम्हाला अधिक जिव्हाळ्याचे वाटते. जोहोरकडून पाणी घेण्याचा १९६२ चा करार २०६१ साली संपतो, म्हणून सिंगापूरने आधीच तयारी केली. २००३ पासून येथे सांडपाणी सूक्ष्म गाळणी, रिव्हर्स ऑस्मोसिस व अतिनील किरण या तीन टप्प्यांतून शुद्ध होऊन ‘न्यूवॉटर’ म्हणून प्रामुख्याने कारखान्यांना मिळते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या टाक्यांतून पाणी गेले, तेव्हा आमच्यातील काहींचे आईवडील लातुरातच होते. हे तंत्र तेथवर का पोहोचू नये?

अडचण बुद्धीची नाही. पवईत आयआयटी व ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाची संयुक्त संशोधन अकादमी २००८ पासून चालू आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय संबंध आणि नवसंशोधन यांसाठी मंडळांची तरतूदही आहे. तरीही आमच्या एका सहकाऱ्याने आपल्या जुन्या महाविद्यालयापुढे संयुक्त प्रकल्प मांडला, तेव्हा करारावर सही कोणी करायची, एवढे कळायलाच आठ महिने गेले. तोवर येथील निधीची मुदत संपली होती.

म्हणून आमची पहिली व मुख्य मागणी अशी की, प्रत्येक राज्य विद्यापीठात तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षासाठी पूर्णवेळ अधिकारी नेमावा आणि पेटंट, परवाना व करार यांचा निर्णय साठ दिवसांत देण्याचे बंधन त्याच्यावर असावे. प्राध्यापकाकडे हे काम अतिरिक्त कार्यभार म्हणून दिले की ते मागे पडते. परवान्याच्या उत्पन्नात संशोधकाचा वाटा आधीच लेखी ठरावा.

दुसरे, संयुक्त प्रकल्पांसाठी राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद व्हावी. दोन्ही बाजूंचा पैसा असेल तरच काम पुढे जाते. पहिला प्रकल्प सांडपाण्याच्या पुनर्वापराचा असावा आणि तो नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या लातूर उपकेंद्राकडे सोपवावा. पुण्या-मुंबईच्या संस्थांनी त्यांना साथ द्यावी. राज्यातील विद्यापीठांचे परदेशी विद्यापीठांशी आजवर जे करार झाले, त्यांपैकी कोणते चालू आहेत, याची यादीही जाहीर व्हावी.

आमचा वेळ, येथील ओळखी व अनुभव आम्ही विनामोबदला देण्यास तयार आहोत. लातूर उपकेंद्रातील अध्यापकांसोबत पहिली बैठक घेण्यासाठी आपण तारीख द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
सिंगापूर येथील मराठी अभियंते, अध्यापक व संशोधक