शाळेची पारख कोणी करावयाची?

मे महिना सरत आला की हिंडलगा, सुळगा, आंबेवाडी, मण्णूर या पट्ट्यातील घराघरांतून दोन गोष्टींची चर्चा चालते. एक धूळवाफ पेरणीची आणि दुसरी पोरांच्या शाळेची. पैकी पहिल्या गोष्टीत आमचा शेतकरी सहसा फसत नाही. बियाणे तो मुठीत घेऊन पाहतो, दाताखाली धरून पाहतो आणि पिशवीवरच्या चित्राला भुलत नाही. परंतु तोच शहाणा मनुष्य शाळा निवडावयास निघाला म्हणजे पिशवीवरच्या चित्रालाच भुलतो, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहो. इमारतीला रंग आहे काय, पोराच्या गळ्यात टाय आहे काय, दारात गाडी येते काय आणि फलकावर शंभर टक्के निकाल लिहिला आहे काय, एवढ्यावर मुलाच्या तीन-चार वर्षांचा सौदा होतो. गावची सरकारी मराठी शाळा या परीक्षेत नापास होते. ती नापास व्हावी अशीच ही परीक्षा रचलेली आहे!

हा प्रश्न एकट्या-दुकट्या घराचा असता तर त्यावर अग्रलेख खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु चौथी-पाचवीपर्यंत गावच्या शाळेत असलेली मुले त्यानंतर बेळगावकडे वळतात, आणि त्यांच्या मागोमाग जे घडते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. पट घसरतो. पटाच्या प्रमाणात शिक्षक, हा सरकारी हिशेब असल्यामुळे एक शिक्षक जादा ठरून दुसऱ्या गावी जातो. मग एकाच शिक्षकाच्या गळ्यात दोन वर्ग पडतात, शिकवणे खरोखरीच खालावते, आणि ज्यांनी आधी नुसत्या संशयाने मुले काढली त्यांचा संशय आता खरा ठरतो. शेवटी शाळेत उरतात ती ज्यांच्या बापाला गाडीचे भाडे परवडत नाही त्यांची मुले. त्यांच्या वतीने अधिकाऱ्याच्या टेबलावर हात आपटणारा मनुष्य मात्र शाळेतून कधीच निघून गेलेला असतो. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने परिसरातील सर्व मुलांनी एकाच सार्वजनिक शाळेत शिकावे ही कल्पना मांडली, तिच्यामागे हाच व्यवहारी विचार होता. सावकाराचे आणि मजुराचे पोर एका बाकावर बसले म्हणजे त्या बाकाचा मोडलेला पाय लवकर दुरुस्त होतो.

निवडीचा हक्क पालकांचा आहे, याबद्दल आता वाद उरलेला नाही. कर्नाटक सरकारने प्राथमिक शाळांवर लादू पाहिलेल्या माध्यमाच्या सक्तीविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी निकाल दिला आणि माध्यम निवडण्याचे स्वातंत्र्य मुलाच्या वतीने पालकांस आहे, असे ठरविले. निवड पालकांची, तेव्हा पारखही त्यांनाच करावी लागणार. ती कशी करावी, एवढाच मुद्दा राहतो.

निकालाच्या टक्केवारीवरून शाळा जोखण्याचा प्रयोग जगात पूर्वीच होऊन गेला आहे. इंग्लंडात १८६२ सालापासून वाचन, लेखन व गणित यांत किती मुले उत्तीर्ण झाली हे तपासून त्या प्रमाणात शाळांना पैसा देण्याची पद्धत सुरू झाली. परिणाम असा झाला की शिक्षक तपासनिसाच्या भेटीसाठी मुलांकडून पुस्तके घोकून घेऊ लागले. मॅथ्यू अर्नोल्ड हा कवी तेथे शाळा-तपासनीस होता. त्याने या यांत्रिकपणावर कठोर टीका केली, आणि १८९० नंतरच्या दशकात ही पद्धत मोडीत निघाली. आमच्या मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची चाल होती. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. मुलांच्या यशापयशातील फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक निगडित असतो, असे त्यात दिसून आले. याचा अर्थ आपण नीट ध्यानात घ्यावा. वेचक मुले घेऊन, शिकवणीचे पैसे भरू शकणारे पालक जमवून जी शाळा शंभर टक्क्यांचा फलक लावते, ती आपल्या शिकवण्याची जाहिरात करते की त्या मुलांच्या घरांची? उलट, जिची आई निरक्षर आहे अशी मुलगी सातवीत स्वच्छ अर्ज लिहू लागली, तर ते काम मात्र निःसंशय शाळेचे.

मधल्या इयत्तांच्या बाबतीत तर निकालाचा आधारही मिळत नाही. बेळगाव मुंबई राज्यात होते त्या काळात मराठी सातवीच्या अखेरीस ‘फायनल’ची परीक्षा असे. ती उत्तीर्ण झालेला मनुष्य शिक्षक होई, तलाठी होई. गावात त्याच्या शब्दाला वजन असे. त्या परीक्षेचे गोडवे आम्ही गात नाही, कारण तिने अनेक होतकरू मुलांना घरी बसविले. परंतु सातवी झालेल्या मुलाला काय येते, हे तिच्यामुळे गावाला कळत तरी असे. आता गावाला जो निकाल कळतो तो दहावीचा, आणि तोवर वेळ निघून गेलेली असते. सहावीत अपूर्णांक न समजलेला मुलगा दहावीत गणितात नापास झाला की दोष हायस्कुलाच्या माथी बसतो; रोग चार वर्षांपूर्वीचा असतो. ग्रामीण भारतातील मुलांची घरोघर जाऊन चाचणी घेणाऱ्या ‘असर’ या पाहणीत २०२२ साली असे आढळले की, आठवीतील १०० मुलांपैकी सुमारे ७० मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे ४५ जणांनाच जमते. हे आकडे सबंध देशाचे आहेत. हिंडलग्याचा आकडा काय, हे हिंडलग्यानेच शोधावयाचे आहे, आणि तो शोधण्यासाठी कोणा तज्ज्ञाची वाट पाहण्याची गरज नाही.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात तपासनिसाची वर्षातून एकदा होणारी भेट निरुपयोगी आहे, शाळा निदान दर तीन महिन्यांनी पाहावी आणि अधूनमधून पूर्वसूचना न देता पाहावी, असे सांगितले होते. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही यापेक्षा शहाणपणाची सूचना कोणी केल्याचे आम्हांस ठाऊक नाही. शाळा पाहावयाची ती स्नेहसंमेलनाच्या दिवशी नव्हे. नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेऊन सहावीच्या वर्गात जाऊन बसावे. पहिल्या बाकावरच्या मुलाला काही विचारू नये. तो कोणत्याही शाळेत हुशारच असतो. मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसलेल्या मुलाच्या हाती त्या दिवशीचे वर्तमानपत्र द्यावे, एक परिच्छेद मोठ्याने वाचावयास सांगावा आणि मग वर्तमानपत्र मिटून त्यात काय होते ते त्याच्या भाषेत विचारावे. मजकूर घडाघडा वाचून त्याचा अर्थ न सांगता येणे, हा मधल्या शाळेचा सर्वांत मोठा आजार आहे, आणि तो याच प्रश्नाने बाहेर पडतो. मग एक हिशेब घालावा. रताळ्यांची १८ पोती, पोत्यात ५० किलो, भाव क्विंटलला १२०० रुपये, हमाली पोत्यामागे १० रुपये, गाडीभाडे ७२० रुपये. घरी किती पैसे आले? उत्तर ९९०० येते की नाही याहीपेक्षा मूल हिशेबाला कोठून हात घालते, ते पाहावे.

त्यानंतर वह्या मागाव्यात. वह्या खोटे बोलत नाहीत. दहा वह्यांत एकच निबंध, त्याच वाक्यांनी आणि त्याच चुकांसह उतरला असेल तर तो फळ्यावरून उतरला आहे. लाल शाईची शेवटची खूण जुलै महिन्यातली असेल तर त्याचाही अर्थ उघड आहे. याच्या उलट, मुलाने स्वतः केलेली चूक, शिक्षकाने तिच्याखाली ओढलेली रेघ आणि पुढल्या पानावर तेच वाक्य सुधारून लिहिलेले दिसले, तर ती शाळा पत्र्याच्या छपराखाली भरत असली तरी चांगली समजावी. वाचनालयाचे कपाट उघडून घ्यावे. किल्ली शोधावयास पंधरा मिनिटे लागली तर पुस्तके मोजण्याची तसदी घेऊ नये. मुलींच्या शौचालयात पाणी आहे काय, हे पाहण्यास संकोच वाटतो म्हणून पुरुष मंडळी टाळतात. सहावी-सातवीच्या मुली महिन्यातले काही दिवस गैरहजर का राहतात, हे मात्र त्याच दारात कळते.

कायद्याने किमान काय द्यावयास हवे, तेही पालकांनी पाठ करून ठेवावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या प्रत्येक वर्गास निदान एक शिक्षक हवा; विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांस प्रत्येकी निदान एक हवा; दर ३५ मुलांमागे एक हवा; पट शंभरावर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक हवा. वर्षाला २२० कामाचे दिवस आणि १००० तास शिकवणे हवे. आता या मापाने हिशेब करून पाहा. २०२५ च्या ऑक्टोबरात कर्नाटकात सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षणाच्या कामास शिक्षकांस जुंपले गेले आणि त्यापायी सरकारी व अनुदानित शाळांची दसऱ्याची सुट्टी १८ तारखेपर्यंत लांबली. खाजगी विनाअनुदानित शाळेतले मूल त्या दिवसांत वर्गात होते, सरकारी शाळेतले घरी होते. मराठी शाळांतील रिकाम्या जागांवर अतिथी शिक्षक नेमावयाचा, तोही वर्षापुरता, ही रीत तर अंगवळणी पडली आहे. शाळा वाईट आहे असे म्हणण्यापूर्वी तिला वाईट कोणी केले, हे या आकड्यांतून स्पष्ट होईल.

येथवर आम्ही सरकारास बोल लावला. परंतु शाळा मराठी आहे एवढ्यानेच ती चांगली ठरत नाही, हेही आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो. संविधानातील ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यास सांगते. त्या कलमासाठी सीमाभागाने लढा दिला. हिंडलगा म्हटले की बाहेरच्या मनुष्यास तुरुंग आठवतो. आम्हांस येथील हुतात्मा स्मारक आठवते. १९८६ च्या जून महिन्यात कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात नऊ जणांनी प्राण दिले, आणि दरसाल १ जूनला तेथे फुले वाहिली जातात. त्याच सुमारास शाळा उघडतात. स्मारकापुढे घोषणा देऊन घरी परतणाऱ्यांपैकी कितीजणांचे पोर गावच्या मराठी शाळेत जाते, याची मोजदाद कोणी केली तर ती आम्हा चळवळीतल्या मंडळींस सुखाची होणार नाही. पोर दुसरीकडे घालण्याचा त्यांना हक्क आहे. परंतु शाळेत पाऊल न टाकता, एकही वही न पाहता ‘आमच्या शाळेत काही राहिले नाही’ असा शेरा मारण्याचा हक्क त्यांना कोणी दिला? आणि शाळेत खरोखरीच काही राहिले नसेल तर ते झाकून ठेवण्याचा अधिकारही आम्हांस नाही. मराठीच्या प्रेमापोटी वाईट शाळेची भलावण करणे म्हणजे ज्या गरीब मुलाला दुसरी शाळा नाही त्याच्या डोक्यावर आमचे प्रेम लादणे होय.

याच ओघात कन्नडविषयी एक शब्द. २०१५ च्या अधिनियमाने कर्नाटकातील सर्व शाळांत पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून कन्नड आवश्यक केली. सक्तीला आमचा विरोध आहे आणि राहील. त्या भाषेशी आमचे वैर नाही. सातवीतल्या मुलाला बसची पाटी, सातबाऱ्याच्या जागी आलेला कन्नड उतारा आणि दवाखान्यातली चिठ्ठी वाचता आली पाहिजे. तेव्हा वर्ग पाहावयास गेलेल्या पालकाने कन्नड आणि इंग्रजी यांचेही तास कसे चालतात, ते पाहून यावे. मराठी पक्की असलेल्या मुलाला या दोन भाषा जड जात नाहीत. मराठीच कच्ची राहिलेल्या मुलाच्या मात्र तिन्ही भाषा कच्च्या राहतात.

हे सर्व पाहण्याचे साधन कायद्यानेच पालकांच्या हाती दिले आहे. शाळा सुधारणा समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकंदर सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा दंडक आहे. बहुतेक गावांत या समित्या स्वातंत्र्यदिनाच्या खाऊपुरत्या उरल्या आहेत, आणि स्त्री सदस्यांच्या सह्या घरी पोहोचवून घेतल्या जातात. त्या आयांना सभेस बोलवा. माध्यान्ह आहाराच्या डाळीत पाणी किती आणि मुलाच्या वहीत अक्षर किती, हे त्या क्षणात सांगतील.

यंदा शाळा उघडल्यावर समितीची पहिली सभा भरेल. त्या सभेत हारतुऱ्यांचा विषय शेवटी ठेवावा आणि आधी पटाची नोंदवही, मंजूर शिक्षकांची व प्रत्यक्ष हजर शिक्षकांची यादी आणि सहावी-सातवीच्या मुलांच्या गतवर्षीच्या वह्या टेबलावर मागवाव्यात. गणित-विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी आढळली तर त्याच सभेत ठराव करावा, तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि महिनाभरात उत्तर आले नाही तर त्या ठरावाची एक प्रत आमच्या कचेरीत आणून द्यावी. ती आम्ही छापू.