प्रयोगशाळेतली वेठबिगारी थांबवा!

या देशात तरुण जीवरसायनशास्त्रज्ञाच्या श्रमाची किंमत दिल्लीतल्या एका परिपत्रकाने ठरते. खाजगी कारखानदार त्या परिपत्रकाकडे पाहून आपला दर लावतो, कॉलेजचा संस्थाचालक त्याहून खाली जातो, आणि विद्यापीठ तर कित्येकदा एक पैसाही न देता काम करून घेते. हा दर जाणूनबुजून खाली ठेवलेला आहे, असा आमचा स्पष्ट आरोप आहे. ज्या हातांनी एन्झाइम वेगळे करायचे, इन्सुलिन तपासायचे, लशीची प्रत पारखायची, त्या हातांना वर्षानुवर्षे ‘अजून शिकताय’ म्हणून निम्म्या दामात राबवायचे, ही आपल्या विज्ञानव्यवस्थेची रीतच होऊन बसली आहे. या रीतीला वेठबिगारीखेरीज दुसरे नाव आम्हाला सुचत नाही.

आधी हिशेब पाहा. नेट परीक्षेत देशभरातल्या स्पर्धकांतून वर येऊन ज्युनिअर रिसर्च फेलो (जेआरएफ) झालेल्या मुलाला २०१४ च्या सुधारणेनंतर महिना २५,००० रुपये मिळत. पुढची वाढ २०१९ ची, ३१,०००. त्यापुढची २०२३ ची, ३७,०००. घरभाडे भत्ता वेगळा मिळतो, हे खरे. पण दोन वाढींच्या मधल्या चार-पाच वर्षांत महागाई थांबून राहते काय? सरकारी कर्मचाऱ्याला वर्षातून दोनदा महागाई भत्त्याची वाढ मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये ४२ टक्के असलेला हा भत्ता जुलै २०२५ मध्ये ५८ टक्क्यांवर गेला. त्याच काळात फेलोची रक्कम एका रुपयानेही हलली नाही. तोच नियम त्याला लावला असता तर त्याच्या हाती एक्केचाळीस हजारांहून अधिक पडले असते. म्हणजे महिन्याला चार हजार रुपये त्याच्या ताटातून काढून घेतले गेले, आणि त्यावर कोणाची सही नाही, कोणाचा आदेश नाही. २०१४ असो वा २०१९, वाढ झाली ती मुले पिपेट खाली ठेवून रस्त्यावर आली त्यानंतर.

आणि हे झाले भाग्यवंतांचे! केंद्रीय विद्यापीठात नेटशिवाय पीएच.डी. करणाऱ्याला २०१२ पासून महिना ८,००० रुपये मिळतात. तीस दिवसांनी भागा: रोजचे २६७ रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२४-२५ चा दर दिवसाला २९७ रुपये होता. उन्हात माती उपसणाऱ्या मजुराला २९७ रुपये मिळणे हाच अन्याय आहे, आणि एम.एस्सी. होऊन रात्री दोन वाजता सेंट्रिफ्यूज थांबण्याची वाट पाहत बसलेल्या संशोधकाला त्याहूनही कमी देणारे राष्ट्र विज्ञानाच्या गप्पा कोणत्या तोंडाने मारते? राज्याच्या विद्यापीठांतून तर असे शेकडो संशोधक आहेत ज्यांना ना नेटची फेलोशिप, ना हे आठ हजार. रसायने गाईडच्या प्रोजेक्टमधून येतात, पोटाचे ज्याचे त्याने पाहायचे.

शिवाय जे कबूल केले तेही वेळेवर देत नाहीत. तीन-तीन, सहा-सहा महिने फेलोशिप जमा होत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले: युटिलायझेशन सर्टिफिकेट आले नाही, पोर्टल बदलले, निधी वर्ग झाला नाही. पुण्यात खोलीचे भाडे पाच तारखेला द्यावे लागते, मेसवाला महिन्याच्या महिन्याला पैसे मागतो. अशा वेळी मुलाला सल्ला मिळतो, घरून मागव. ज्याच्या घरी मागवण्यासारखे काही आहे तो टिकतो. ज्याचा बाप लातूरकडे दोन एकर कोरडवाहू कसतो, ज्याची आई मालेगावात दुसऱ्याच्या मागावर राबते, तो दुसऱ्याच वर्षी गाशा गुंडाळतो. मग आपण म्हणतो, आमच्या मुलांत चिकाटी नाही. चिकाटी त्याच्यात होती. संपले होते ते खात्यातले पैसे. विज्ञानाचे दार गुणवत्तेवर उघडते असे सांगायचे आणि उंबऱ्यावर बापाची मिळकत तपासायची, हा दुटप्पीपणा जोतीरावांच्या महाराष्ट्राला शोभत नाही.

म्हणूनच राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांना आम्ही मोल देतो. घरात पहिल्यांदाच प्रयोगशाळेचा कोट घालणाऱ्या मुलामुलींना त्या पैशाने उभे केले. आणि त्याच मुलांना आपल्या हक्काच्या रकमेसाठी आझाद मैदानात दिवसेंदिवस बसावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सारथीच्या जागांचा विषय निघाला, तेव्हा सरकारच्या बाजूने विचारले गेले की पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत. या प्रश्नाला उत्तर दिलेच पाहिजे, आणि ते नावानिशी दिले पाहिजे.

गडचिरोली-चंद्रपुरात हत्तीरोगाच्या मोहिमेत आरोग्यसेविका घरोघर जाऊन डीईसीची गोळी खाऊ घालतात. त्या औषधामागे ज्याच्या हाताखालचे संशोधन आहे तो यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमवरमचा, जीवरसायनशास्त्रज्ञ. रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या मुलांना आजही दिले जाणारे मेथोट्रेक्सेट, तेही त्याच्याच कामाचे फळ. रक्तातले फॉस्फरस मोजण्याची फिस्के-सुब्बाराव पद्धत १९२५ ची. जगभरच्या विद्यार्थ्यांनी ती पिढ्यान् पिढ्या गिरवली. हा माणूस १९२३ मध्ये बोस्टनला उतरला तेव्हा खिशात पैसे नव्हते. पोट भरण्यासाठी त्याने इस्पितळात रात्रपाळीला रुग्णांची मलमूत्राची भांडी उचलली. पुढे हार्वर्डमध्ये एवढे मोठे काम करूनही त्याला कायमची जागा मिळाली नाही. १९४० मध्ये तो लेडर्ले कंपनीत गेला, आणि १९४८ मध्ये त्रेपन्नाव्या वर्षी वारला.

आपल्याकडे ही कहाणी तपश्चर्येचा धडा म्हणून सांगतात. आम्हाला हा धडा मान्य नाही. ज्या रात्री त्याने ती भांडी धुण्यात घालवल्या त्या रात्री जगाने त्याच्याकडून हिरावून घेतल्या, असे आम्ही म्हणतो. उपासमारीतून एखादा सुब्बाराव निपजला म्हणून उपासमारीचे गोडवे गायचे, आणि तिच्यात जे बुडाले त्यांची नावेही ठाऊक नाहीत! विद्येची सेवा म्हणजे उपाशीपोटी सेवा, ही समजूत ज्यांनी रुजवली त्यांचे स्वतःचे पोट नेहमीच भरलेले होते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. ते घेणाऱ्याने तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याला त्यागाचे महत्त्व सांगू नये. तोच विषय, तोच वर्ग, तेच प्रात्यक्षिक. एकाला उन्हाळ्याच्या सुटीचा पगार आणि दुसऱ्याला शिकवलेल्या तासांपुरती मजुरी.

आता कारखान्यांकडे वळू. तारापूर, अंबड, चिकलठाणा, गोव्यातले वेर्णे: औषधकंपन्यांच्या क्यूसी म्हणजे गुणवत्ता-नियंत्रण विभागांत बायोकेमिस्ट्रीची मुलेमुली तीन पाळ्यांत उभी असतात. एचपीएलसीसमोर बसायचे, बॅच पास करायची, रेकॉर्डमध्ये एक खाडाखोड झाली तर ऑडिटला आपण उत्तर द्यायचे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा निरीक्षक येतो तेव्हा कंपनीची सारी इभ्रत या मुलांच्या वहीवर उभी असते. आणि पगार? नव्याने लागलेल्याचा वीस हजारांच्या आतबाहेर. कित्येकांना तर शिकाऊ उमेदवार म्हणून घेतात, कारण २०१९ च्या नियमांत पदवीधर शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन ९,००० रुपये धरले होते. वर्ष संपले की नवी तुकडी. शिकवण्याच्या नावाखाली कायम स्वरूपाचे काम हंगामी दरात उरकण्याचा हा धंदा उघड्यावर चालतो, आणि कामगार खाते तिकडे फिरकत नाही.

रोगनिदानाच्या प्रयोगशाळांत वेगळाच पेच आहे. क्रिएटिनिन, टीएसएच, एचबीएवनसी या चाचण्या रात्रंदिवस कोण करतो? यंत्राचे कॅलिब्रेशन कोण पाहतो, कंट्रोल बाहेर गेला तर रिपोर्ट थांबवण्याची हिंमत कोण दाखवतो? तो एम.एस्सी. झालेला जीवरसायनतज्ज्ञ. पण पैसा सहीमागे जातो. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लॅबच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पदवी घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही ग्राह्य धरली. अहवालाचा वैद्यकीय अर्थ डॉक्टरनेच लावावा, याबद्दल आमचा वाद नाही. रुग्णाचे हित त्यातच आहे. पण आकडा बरोबर आहे याची जबाबदारी ज्याच्यावर, त्याला त्या जबाबदारीचे वेतन का नाही? आकडा चुकला की पहिली मान त्याची पकडली जाते. वैद्यकीय महाविद्यालयांतही तेच. जीवरसायन विभागात पूर्वी निम्म्यापर्यंत जागा एम.एस्सी.-पीएच.डी. असलेल्यांना मिळू शकत. २०२० च्या नियमांनी ती मर्यादा १५ टक्क्यांवर आणली. एका अधिसूचनेने एका अख्ख्या पिढीच्या पगाराची वाट अडवली, आणि त्या पिढीला एका शब्दाने विचारले नाही.

या सगळ्याचा भार बाईवर दुप्पट पडतो. कमला सोहोनींना, त्या वेळच्या कमला भागवतांना, १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या, तेव्हा वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर घेतले. याच बाईंनी केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली, वनस्पतींच्या पेशींतले सायटोक्रोम-सी दाखवले, मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेवर आणि कडधान्यांवर काम केले. त्यांना एक वर्ष अटीवर ठेवले होते. आज अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर काम करणाऱ्या प्रोजेक्ट असिस्टंट मुलींची ती अट कधी संपतच नाही. बाळंतपण जवळ आले की प्रोजेक्ट संपतो, आणि नवा सुरू होतो तेव्हा जागेवर दुसरे नाव असते. मुलाखतीत ‘लग्न कधी?’ विचारणारे प्राध्यापक या महाराष्ट्रात आजही आहेत, आणि त्यांना जाब विचारणारे कोणी नाही.

पैसा नाही, ही सबब आम्ही ऐकून घेणार नाही. २०२०-२१ मध्ये संशोधनावरचा देशाचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. चीन दोन टक्क्यांच्या कितीतरी पुढे आहे. त्या तोकड्या खर्चातही खाजगी उद्योगांचा वाटा जेमतेम छत्तीस टक्के. २०२५ मध्ये केंद्राने संशोधन-विकासासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे. स्वस्त दीर्घ मुदतीची कर्जे, भांडवल, उद्योगांना हात. उत्तम! पण त्या पैशावर उभ्या राहणाऱ्या प्रयोगशाळेत बेंचवर बसणाऱ्याला किमान किती द्यायचे, ही अट त्यात घालायला कोणाचे हात बांधले आहेत? इमारत उभी राहते, यंत्र परदेशातून येते, त्याचा वार्षिक देखभाल करार न चुकता भरला जातो. ते यंत्र चालवणाऱ्या माणसासाठीच तेवढी तरतूद नसते.

अमेरिकेत जीवरसायनशास्त्रज्ञ आणि जीवभौतिकशास्त्रज्ञ यांचे मध्यम वार्षिक वेतन मे २०२४ मध्ये १,०३,६५० डॉलर होते. तिथला खर्च वेगळा, हे मान्य. पण आपली हुशार मुले तिकडे का जातात याचे कोडे उलगडत बसू नये. त्यातही हे लक्षात घ्या की तिथल्या विद्यापीठांनी आपणहून काही दिले नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ४८,००० संशोधकांनी आणि अध्यापन-सहायकांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये काम बंद केले, नाताळापर्यंत नेटाने ताणून धरले, आणि घसघशीत वाढ पदरात पाडून घेतली. नेदरलँड्समध्ये आणि स्वीडनमध्ये बहुतेक पीएच.डी. करणाऱ्यांशी विद्यापीठ नोकरीचा करार करते. त्यात पगार आहे, रजा आहे, निवृत्तिवेतनाची सोय आहे. तिथले विज्ञान त्यामुळे बुडालेले नाही.

आमच्या मागण्या म्हणूनच रोखठोक आहेत. पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाला कर्मचाऱ्याचा दर्जा द्या: भविष्य निर्वाह निधी, आरोग्य विमा, प्रसूती रजा यांसह. फेलोशिप महागाई भत्त्याला जोडा, म्हणजे दर चार वर्षांनी पोराबाळांना उपोषणाला बसावे लागणार नाही. महिन्याच्या सात तारखेला पैसे जमा झाले नाहीत तर उशीर करणाऱ्या कार्यालयाच्या निधीतून व्याज द्या. २०१२ चे आठ हजार ताबडतोब जेआरएफच्या बरोबरीला आणा. नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत पगाराचा आकडा छापण्याची सक्ती करा. ‘अनुभवानुसार’ हा शब्द लपवाछपवीसाठीच वापरला जातो. शिकाऊ उमेदवारांना कायम कामावर जुंपणाऱ्या औषधकंपनीच्या सवलती काढून घ्या. राज्य सरकारने बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या संशोधकांसाठी वर्षाची पूर्ण रक्कम एप्रिलमध्येच वेगळी काढून ठेवावी.

आणि गाईड मंडळींना एक गोष्ट थेट सांगतो. सरकार हलेपर्यंत वाट पाहण्याची गरज तुम्हाला नाही. ज्याला द्यायला पैसे नाहीत असा एकही विद्यार्थी येत्या प्रवेशात घेऊ नका. विभागाच्या बैठकीत तसा ठराव करा, त्यावर सह्या करा, आणि तो कुलगुरूंच्या टेबलावर ठेवून या.