इंग्रजींत पास झालेल्या पोरीला जामिनाचा कागद कां कळत नाहीं?

गेल्या महिन्यांत आमच्या आळींतले एक सुतारमामा बँकेचा कागद घेऊन दारीं आले. त्यांच्या साडूला करवतीच्या यंत्रासाठीं कर्ज हवें होतें व मामांना जामीन राहावयाचें होतें. कागद सगळा इंग्रजींत. आमची पुतणी यंदा दहावीस. नववींत इंग्रजीला ८० पैकीं ६४ गुण. तिला म्हटलें, "बाई, वाच." पोरीनें न अडखळतां पानभर वाचलें. अर्थ विचारला तेव्हां मान खालीं घालून म्हणाली, "हा धडा आम्हांला नाहीं."

त्या पानांत एक ओळ होती. तिचा भावार्थ असा कीं, कर्जदार व जामीनदार एकत्र, तसेच एकेकटेही, सर्व रकमेस जबाबदार. म्हणजे साडूनें हप्ते थकविले तर बँकेनें मामांच्याच दारीं येऊन सगळी बाकी मागावी, यास आडकाठी नाहीं. १८७२ च्या कराराच्या कायद्याचें १२८ वें कलमही, कागदांत निराळें ठरलें नसेल तर, हेंच सांगतें. मामांची समजूत मात्र अशी कीं, जामीन म्हणजे ओळखीची सही!

हा रोग जुना आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांचे रोखे हिसकून जाळले. त्यांतले कित्येक न वाचतां निशाणी केलेले होते. पुढें १८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनला निवेदन दिलें. त्यांत रयतेच्या प्राथमिक शिक्षणासाठीं बालबोधीबरोबर मोडी मागितली, हिशेब मागितला, शेतकीचे पाठही मागितले. व्यवहाराचे कागद तेव्हां मोडींत असत. आज त्यांतले पुष्कळ इंग्रजींत उतरले आहेत. मग आमच्या हायस्कुलांतली इंग्रजी त्या मोडीचें काम करते कीं नाहीं, एवढेंच आम्ही विचारतों.

अभ्यासक्रमाला सरसकट दोष देण्यांत अर्थ नाहीं. दहावीच्या कृतिपत्रिकेंत पूर्वीं न पाहिलेला उतारा असतो, पत्र असतें, तक्त्यावरून मजकूर लिहावयाचा असतो. योजना चांगली, पण गाइडवाल्यांनीं तिचेंही लोणचें घातलें. तयार पत्र, तयार मजकूर; पाठ करा आणि उतरवा! २०२३ सालीं 'असर' नांवाची पाहणी २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांत झाली. १४ ते १८ वर्षांच्या मुलांपैकीं ५७.३ टक्क्यांना सोपीं इंग्रजी वाक्यें वाचतां आलीं, आणि त्या वाचणाऱ्यांतही सुमारें पाऊण हिश्श्यालाच अर्थ सांगतां आला. शंभरांत ४२ पोरें!

कोणी म्हणेल, आधीं मराठी तरी धड येऊं द्या. बरोबर आहे. त्याच पाहणींत सुमारें चौथ्या हिश्श्याला दुसरीच्या इयत्तेचा आपल्या भाषेंतला मजकूरही सफाईनें वाचतां आला नाहीं. म्हणून इंग्रजीच्या तासाला अर्थाची चर्चा खुशाल मराठींत व्हावी. (टाय लावून 'गुड मॉर्निंग' म्हणणें ही निराळी विद्या आहे, तिची फी आपण पुष्कळ भरली.)

आठवड्यांतून एक तास मास्तरांनीं पुस्तक मिटावें. औषधाची पट्टी, कीटकनाशकाचा डबा, विम्याचा कागद वर्गांत आणावा. मोबाइलवर इंग्रजींत निरोप येतो कीं, तुमचें खातें आज बंद होणार, ही लिंक दाबा. तो फळ्यावर लिहावा. कोणी पाठविला? एवढी घाई कां करतो? बँकेचें नांव तरी नीट लिहिलें आहे का? पैसे येण्यासाठीं यूपीआयचा पिन लागत नाहीं, देण्यासाठीं लागतो. मग हा मागतो कशाला? 'क्रेडिट' आणि 'डेबिट' यांतला भेद ज्या मुलीला कळला, तिनें आईचे बचतगटाचे पैसे राखले असें समजा. पालकसभेला बोलावणें येतें तेव्हां आपण गुणपत्रक पाहून परततों. यंदा घरांतला एक कागद बरोबर न्या व तो वर्गांत वाचून घ्या असें मास्तरांना सांगा.

सुतारमामांनीं अजून सही केलेली नाहीं. त्यांनीं बँकेंत मराठी प्रत मागितली आहे, आणि इंग्रजी कागदाची नक्कल आमच्या पुतणीच्या दप्तरांत आहे.