श्रद्धा मुरावी लागते

महाडहून बिरवाडीमार्गे शिवथरकडे निघाले की डोंगर जवळ येऊ लागतात आणि बोलणे आपोआप कमी होते. आंबेशिवथर, कसबेशिवथर, कुंभेशिवथर अशा वस्त्या, भोवती सह्याद्रीचे उभे कडे आणि धबधब्याच्या अंगाला ती प्रसिद्ध घळ. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ती शोधून काढली. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. वीस दशक, दोनशे समास आणि साडेसात हजारांहून अधिक ओव्या! माझी हयात बँकेत आकडे तपासण्यात गेली, म्हणून हा हिशेब मनात येतोच. एवढे काम एका रात्रीच्या साक्षात्काराने उभे राहत नाही. त्याला रोजची बैठक लागते.

श्रद्धेचेही असेच असावे. आपण मात्र तिच्याकडे जन्मदाखल्यासारखे पाहतो. एकदा नोंद झाली की काम संपले! अमक्या घरात जन्मलो, अमकी दीक्षा घेतली, अमका बाप्तिस्मा झाला. पण नोंद झालेली श्रद्धा मुरते कशी? या प्रश्नाचे प्रामाणिक मराठी उत्तर मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडले. मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण उत्तर चांगले असेल तर ते कोणत्या घरातून आले, हे विचारायचे कशाला?

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवले आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करला. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरले. दुष्काळाने आईवडील आणि बहीण नेली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, तिने भूक पुस्तकात वाचलेली नव्हती, सोसलेली होती. पुढे पतीही गेले. पदरी लहानगी मनोरमा. अशा स्थितीत १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. रमाबाईंनी नंतर आपली साक्ष लिहिली, तीत स्वच्छ कबुली दिली की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता. मते पटली होती, पण जिवाला विसावा नव्हता. तो मिळायला आणखी सात-आठ वर्षे जावी लागली. एवढे धाडसी धर्मांतर केलेल्या, देशोदेशी नाव झालेल्या बाईने ‘मी तेव्हा अर्धीच पोचले होते’ असे लिहावे, हे मला धर्मांतराहूनही मोठे धाडस वाटते. आपल्यापैकी किती जण देवघरासमोर बसून इतका खरा ताळेबंद मांडतील?

या वाटेवर वादही झाले. मुंबईत १८८९ साली सुरू होऊन पुढे पुण्यात आलेल्या त्यांच्या शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती संस्कार होतात, असा आक्षेप आला. १८९३ साली रानडे-भांडारकरांसारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची शंका अगदी बिनबुडाची होती असे आज म्हणता येणार नाही, आणि रमाबाईंच्या हेतूबद्दल शंका घ्यावी असेही वाटत नाही. दोन्ही बाजू समजून घ्याव्यात, एवढे वय आता आपले झाले आहे.

पुढे १८९६-९७चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १९००च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या. शेती, विणकाम, छापखाना, अंधांसाठी शिक्षण. तिथल्या प्रार्थनेला कामाच्या घामाचा वास होता. १९०५ साली तिथे शेकडो बायका रोज प्रार्थनेला जमत असत.

आणि तिसरी गोष्ट शास्त्राची. संस्कृत मुखोद्गत असलेल्या या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबल मराठीत आणायला घेतले. हेतू एकच, खेड्यातल्या साध्या बाईला ते वाचता यावे. छपाईचे काम मुक्तीतल्या मुलींनी केले. १९२१ साली मनोरमा गेली, तरी हे काम थांबले नाही. १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. समर्थांनी परमार्थ लोकांच्या ओवीत आणला, रमाबाईंनी आपले शास्त्र लोकांच्या बोलीत. देव वेगळे असतील, पण कळकळ एकाच जातीची आहे.

प्रार्थना, शास्त्र आणि सेवा या तिन्ही गोष्टी एकमेकींवर लक्ष ठेवतात. नुसती प्रार्थना स्वतःच्याच गाऱ्हाण्यात अडकते. नुसते शास्त्र वादाला चढते. नुसती सेवा थकते किंवा फोटोसाठी थांबते. बँकेत एखाद्या खात्यावर दोन वर्षे व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय ठरते. शिल्लक असते, पण खाते झोपलेले. आपल्या पुष्कळांच्या श्रद्धेचे तसेच झाले आहे. शिल्लक आजी-आजोबांनी ठेवलेली आहे, आपला व्यवहार नाही.

हे मी इथूनच का सांगतो? ज्या महाड तालुक्यात दासबोध सांगितला गेला, त्याच तालुक्यात चवदार तळ्याचे पाणी प्यायला १९२७ साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. घरोघरी पोथ्या होत्या, नित्यनेम होते, पण ते शेजाऱ्याच्या तहानेपर्यंत पोचले नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त याच्या उलट प्रवास दिसतो. सोवळ्यात वाढलेली ही बाई आधी मनाशी विचार करून जातिभेद सोडते, आणि बाप्तिस्मा त्यानंतर येतो. तिची श्रद्धा आधी पाण्याच्या पेल्यात उतरली.

२०२१च्या जुलैत तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. महाड शहर पुराच्या चिखलात रुतले. तेव्हा बाहेरगावची तरुण मुले फावडी घेऊन आली आणि अनोळखी माणसांच्या घरांतला चिखल उपसू लागली. त्यांतल्या कित्येकांना आपण ‘नास्तिक पिढी’ म्हणून नावे ठेवतो. चिखल उपसणाऱ्या त्या हातांना मागाहून कुणी निवांतपणा आणि चार चांगले शब्द दिले, तर ती सेवा वर्षभर टिकेल. आणि आपल्या नित्यनेमाला आठवड्यातून एक काम जोडले, आपल्या नात्यातल्या नसलेल्या एका माणसासाठी, तर तो नित्यनेम जिवंत राहील.

रमाबाईंना बाप्तिस्म्यापासून मनाच्या विसाव्यापर्यंत सात-आठ वर्षे लागली. आपल्याला अधिक लागतील. हरकत नाही. लोणचेसुद्धा घातल्या दिवशी खात नाहीत.