घट्ट नट आणि घरातली हत्यारपेटी



आपल्या बेळगावात घराघरापुढे आज दुचाकी उभी असते, बऱ्याच ठिकाणी मोटारही असते. सायकल, पाण्याचा पंप, शिलाई मशीन, पिठाची घरगुती चक्की ही यंत्रे वेगळीच. या सगळ्यांना धरून ठेवणारी वस्तू एकच, नट आणि बोल्ट. पाऊस चार महिने कोसळला की हे नट गंजतात, अडकतात आणि हलत नाहीत. मग घरातली कर्ती मंडळी एकतर पक्कड घेऊन झटापट करतात, नाहीतर गाडी ढकलत गॅरेजला नेतात. या साध्या गोष्टीवर मला आज थोडे लिहायचे आहे, कारण तिच्यामागे आपल्या मुलांच्या शिक्षणाचा एक प्रश्न आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. घरात पन्नास-साठ नगांची चकचकीत पेटी नसली तरी चालेल, पण आठ-दहा चांगली हत्यारे असावीत. आणि ती कशी वापरायची हे आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला शाळेने शिकवावे.

आधी नट अडकतो का ते पाहू. लोखंडाला ओलावा आणि हवेतला प्राणवायू मिळाला की गंज तयार होतो. हा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये जी बारीकशी फट असते ती गंजाने भरून जाते आणि दोन्ही भाग एकमेकांत आवळले जातात. दुसरे कारण माणसाचे. टायरच्या दुकानात हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने चाकाचे नट गरजेपेक्षा जास्त आवळले जातात. दुकानातून निघताना ते कळत नाही. कळते ते चोर्ला घाटात पावसात चाक पंक्चर झाल्यावर, जेव्हा गाडीसोबत मिळालेल्या आखूड पान्याने नट जागचा हलत नाही.

आता हत्यारांविषयी. बाजारात गेलो की आपली नजर मोठ्या पेटीकडे जाते. तिच्यात नग पुष्कळ असतात आणि किंमतही कमी वाटते. पण नरम लोखंडाचा पाना घट्ट नटावर दोनदा लावला की त्याचा जबडा फाकतो आणि नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो. गोल झालेला नट सोडवणे हे गंजलेला नट सोडवण्यापेक्षा दसपट त्रासाचे काम. म्हणून नग मोजू नयेत, पोलाद पाहावे. चांगल्या पान्यावर माप स्पष्ट कोरलेले असते आणि बहुधा क्रोम व्हॅनेडियमचा शिक्काही असतो. नटावर बसवून पाहिला तर तो डुगडुगत नाही.

पान्यांमध्येही क्रम आहे. उघड्या तोंडाचा फिक्स पाना नटाच्या फक्त दोन बाजू धरतो. रिंग पाना नटाला चारी बाजूंनी वेढतो, म्हणून घट्ट नटाला आधी रिंग पाना लावावा. त्याहून चांगले सहा कोनी सॉकेट. बारा कोनी सॉकेट लावायला सोपे असते, पण ते नटाच्या कोपऱ्यांजवळ जोर देते. सहा कोनी सॉकेट सपाट बाजूंवर जोर देते आणि कोपरे वाचवते. जबडा लहानमोठा होणारा स्क्रू पाना अडीअडचणीला ठीक, पण अडकलेल्या नटावर त्याचा प्रयोग करू नये. पक्कड तर नटासाठी नाहीच.

मापाकडेही लक्ष हवे. आजच्या गाड्यांचे नट मिलिमीटरमध्ये असतात, पण जुनी शिलाई मशीन, जुने पंप, कारखान्यातली जुनी यंत्रे यांवर इंची माप सापडते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की निसटतो आणि बोटांची साले निघतात. तीन-चतुर्थांश इंच मात्र १९.०५ मिलिमीटर भरते, म्हणून तिथे १९चा पाना चालून जातो. मोटारीच्या चाकाला बहुधा १७, १९ किंवा २१चे सॉकेट लागते. आपल्या गाडीचे माप एकदा लावून पाहावे आणि लिहून ठेवावे.

सगळ्यांत उपयोगी वस्तू कोणती असे कुणी विचारले तर मी सांगेन, सॉकेट फिरवायची लांब दांडी. तिच्यात यंत्र काही नाही, फक्त लांबी आहे. विद्यार्थी मित्रांनो, विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही बलाचे आघूर्ण शिकता, ते हेच. हाताने २० किलो वजनाइतका जोर दिला, म्हणजे सुमारे २०० न्यूटन. पाना १५ सेंटिमीटरचा असेल तर नटाला ३० न्यूटन-मीटर मिळतात. तोच जोर ४५ सेंटिमीटरच्या दांडीवर दिला तर ९० मिळतात. लहान मोटारीच्या चाकाचे नट साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेले असतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. आखूड पान्याने पहिलवानालाही घाम फुटतो आणि लांब दांडीने आई किंवा ताई ते काम करू शकते, याचे रहस्य एवढेच आहे. 'हे बायकांचे काम नाही' असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

मात्र पान्यात लोखंडी पाइप घालून त्यावर उभे राहण्याची जी पद्धत आहे ती सोडावी. पाना निसटतो किंवा बोल्ट तुटतो, आणि दोन्हींत माणूस पडतो.

बळाआधी धीर हवा. तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत, गंज सोडवणारे तेल घालावे आणि थांबावे. जास्त गंजले असेल तर रात्रभर थांबावे. डब्ल्यूडी-४० हे नाव सर्वांना माहीत आहे. ते १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात तयार झाले, पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. चाळिसाव्या प्रयत्नात साधले म्हणून नावात चाळीस आला. थोड्या गंजाला ते पुरते. जुनाट गंजासाठी आट्यांत झिरपणारे खास तेल वेगळे मिळते, ते घ्यावे. तेल मुरल्यावर नटावर हातोडीने हलके ठोके द्यावेत म्हणजे गंजाची पकड फुटते. मग सोडवण्याआधी नट किंचित आवळून पाहावा आणि नंतर उलटा फिरवावा. थोडा सुटला की पुन्हा थोडा आत, पुन्हा बाहेर, असे करत आणावा.

उष्णतेचाही उपाय आहे. पोलाद तापले की प्रसरण पावते. २० मिलिमीटरचा नट २०० अंशांनी तापवला तर तो सुमारे ०.०५ मिलिमीटरने वाढतो. ही वाढ केसाच्या जाडीएवढीच, पण गंजाचा थर फुटायला अनेकदा तेवढी पुरते. मात्र पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, टायर यांच्याजवळ आणि तेल फवारलेल्या जागी ज्योत नेऊ नये. हा उपाय घरी करूच नये, जाणत्या फिटरकडे सोपवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सगळे उपाय थकले तर छिन्नीने नट फोडावा. नवा नट थोड्या पैशांत मिळतो, त्याच्यासाठी बोट गमावू नये.

आणखी दोन गोष्टी. नट घड्याळाच्या काट्याप्रमाणे घट्ट होतो आणि उलट सैल होतो, हा नियम बहुतेक ठिकाणी लागू पडतो, सगळीकडे नाही. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. वेल्डिंगच्या ॲसिटिलीन सिलिंडरची जोडणीही उलट्या आट्यांची असते. अशा जागी नियमाने जोर लावणारा माणूस नट सोडवण्याऐवजी आवळतच जातो. दुसरी गोष्ट, चाक जॅकवर उचलण्याआधी, ते जमिनीवर टेकलेले असतानाच नट थोडे सैल करावेत. उचललेल्या गाडीला हिसके देणे धोक्याचे आहे.

आता कुणी म्हणेल, बॅटरीवर चालणारे यंत्र मिळते, बटण दाबले की नट सुटतो, मग एवढा खटाटोप कशाला? उद्यमबागेत रोज शंभर नट सोडणाऱ्या कामगाराला ते यंत्र हवेच, त्याचा वेळ वाचतो आणि खांदा वाचतो. घरी वर्षातून चार वेळा लागणाऱ्या कामासाठी मात्र ते आधी घेण्याची वस्तू नाही. हाताला नट 'येतोय' की 'तुटतोय' हे कळते. नवशिक्याच्या हातातल्या यंत्राला ते कळत नाही. आधी हात तयार व्हावा, मग यंत्र घ्यावे.

कुणी असेही म्हणेल की गॅरेजवाले कशाला आहेत? गॅरेजवाल्यांविषयी मला आदर आहे. ब्रेक, इंजिन, गिअर ही कामे त्यांचीच. पण रात्री घाटात ते सोबत नसतात. शिवाय ज्याला थोडे समजते तोच कारागिराशी नीट बोलू शकतो. 'चाकाचे नट शेवटी हाताने, मापाने आवळा' एवढे सांगण्यासाठीही माहिती लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या गावाला या विद्येचा वारसा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावातच सायकलींचे दुकान काढले होते. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवले. लोखंडाने जमीन नासेल असा शेतकऱ्यांचा समज होता, तो दूर व्हायला वेळ लागला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका मोठ्या उद्योगघराण्याची सुरुवात सायकलच्या नट-बोल्टांपासून झाली, हे किर्लोस्कर रोडवरून रोज शाळेत येणाऱ्या किती मुलांना माहीत आहे? आपल्यातल्या अनेकांचे आजोबा-वडील फाउंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये राबले. त्यांच्या नातवंडांना मात्र 'पाना' म्हटले की वहीचे पान आठवते. आटे, कानस, छिन्नी, ऐरण, पक्कड हे शब्द हातातल्या वस्तूंबरोबर टिकतात. वस्तू हातातून गेली की शब्द नुसता शब्दकोशात उरतो. मराठी टिकावी म्हणून आपण भाषणे करतो, स्पर्धा घेतो, ते योग्यच आहे. पण कार्यशाळेत उभे राहून 'आटे गेलेत, दुसरा बोल्ट दे' असे म्हणणारी मुलगी भाषा अधिक पक्की जपते, असे मला वाटते.

केंद्राच्या २०२०च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, अशी सूचना आहे. राज्य ते धोरण स्वीकारो न स्वीकारो, ही कल्पना घेण्यासारखी आहे आणि तिला कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये.

म्हणून विश्वस्त मंडळींना माझी विनंती अशी. शाळेत हत्यारांचे एक कपाट असावे. त्यात रिंग पान्यांचा एक चांगला संच, सहा कोनी सॉकेट आणि लांब दांडी, दोन हातोड्या, तारेचे ब्रश, छिन्नी, गंज सोडवणारे तेल, आणि मुलांसाठी हातमोजे व डोळ्यांचे चष्मे असावेत. एखादी भंगारातली सायकल आणि एखादे जुने इंजिन आणावे. आठवी-नववीला पंधरा दिवसांतून एक तास द्यावा. शिकवायला बाहेरून कुणी आणायला नको. आपल्याच पालकांत निवृत्त फिटर आणि टर्नर आहेत, त्यांना मानाने बोलवावे. ज्यांनी आयुष्यभर हाताने काम केले त्यांना शाळेच्या व्यासपीठावर फार क्वचित बोलावले जाते. या निमित्ताने तेही होईल. हीच हत्यारे शनिवारी नोंदवही ठेवून पालकांना वापरायला देता येतील, म्हणजे प्रत्येक घराने प्रत्येक वस्तू विकत घेण्याची गरज उरणार नाही.

खर्चाचा प्रश्न निघेल, तो निघावाच. स्नेहसंमेलनाचा मंडप, रोषणाई आणि ध्वनिक्षेपक यांवर आपण एका संध्याकाळी जे खर्च करतो, त्याच्याशी या कपाटाच्या खर्चाची तुलना विश्वस्तांनी स्वतःच करून पाहावी. मंडप दुसऱ्या दिवशी उतरतो. चांगला पाना पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवला तर पुढच्या पिढीच्याही कामी येतो.

सगळी मुले कारागीर व्हावीत असे माझे म्हणणे नाही. कुणी डॉक्टर होईल, कुणी हिशेबनीस, कुणी परदेशी जाईल. पण अडकलेल्या वस्तूपुढे चिडायचे नाही, तिला आधी पाहायचे, तेल घालून वाट पाहायची, योग्य हत्यार निवडायचे आणि मग जोर लावायचा, एवढे ज्याला लहानपणी हाताने शिकायला मिळाले त्याला ते पुढेही उपयोगी पडेल. पुढच्या पालकसभेत या विषयावर चर्चा व्हावी आणि येत्या जूनपासून निदान एका वर्गापुरती तरी सुरुवात व्हावी, ही नम्र विनंती.